नवा कायदा नको, आहे त्याचा जीआर काढा

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन,
आणि राज्याच्या तृतीयपंथी हक्क संरक्षण व कल्याण मंडळाचे सर्व सदस्य

दिनांक : १९ जानेवारी २०२६

महोदय, महोदया,

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी पारलिंगी शिक्षिका जेन कौशिक यांच्या प्रकरणात निकाल देताना तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठी राज्यांना तीन महिन्यांची मुदत घालून दिली होती. ती परवा शनिवारी संपली. न्यायालयाने मागितलेलं काम काही डोंगराएवढं नव्हतं. तृतीयपंथी असल्याचं ओळखपत्र नाकारलं गेलं तर अपील ऐकायला अधिकारी नेमा. कल्याण मंडळ नसेल तर स्थापन करा. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि राज्यात पोलीस महासंचालकांच्या अखत्यारीत संरक्षण कक्ष उघडा. प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी आहे ना ते बघा. मदतीसाठी टोल फ्री क्रमांक सुरू करा. टोल फ्री क्रमांक सोडला तर यातल्या मुख्य गोष्टी केंद्राच्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा २०१९ खाली झालेल्या २५ सप्टेंबर २०२० च्या नियमांत आधीपासून आहेत. पाच वर्षं नियम छापून पडून राहिले, म्हणून तेच पुन्हा मुदत घालून सांगावं लागलं.

महाराष्ट्रात मंडळ आहे, हे मान्य. बाकीच्या गोष्टींचं काय झालं ते विचारायला हे पत्र आहे. अपिलीय अधिकारी कोण, संरक्षण कक्ष कोणत्या इमारतीत आणि कितव्या मजल्यावर, तिथला फोन कोण उचलतं, ही माहिती अर्जदाराच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी लावलेली आम्हाला दिसत नाही. नेमणुका कागदावर झाल्या असतील तर आनंदच आहे. मग त्या नाव-पत्त्यासह जाहीर करायला अडचण नसावी.

आम्ही कोण, तेही सांगतो. राज्याच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांत समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेले) आणि इंटरसेक्स (जन्मतः शरीर स्त्री-पुरुष या ठरीव साच्यात न बसणारे) लोकांचे अर्ज भरून देणारे, त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात, तहसिलीत, सिव्हिल हॉस्पिटलात जाऊन बसणारे आम्ही कार्यकर्ते आहोत. या पत्रात कुणाची करुण कहाणी लिहिलेली नाही. तशा कहाण्या मेळाव्यांच्या व्यासपीठावर तुम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत, त्यावर टाळ्याही पडल्या आहेत. काम नेमकं कोणत्या टेबलावर आणि का अडतं, एवढंच इथे मांडतो.

पहिला मुद्दा ओळखपत्राचा, कारण पुढचं सगळं त्यावर टांगलेलं आहे.

नियम सरळ आहेत. राष्ट्रीय पोर्टलवर खातं उघडायचं, फॉर्म १ भरायचा, फॉर्म २ च्या नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र जोडायचं, फोटो आणि सही चढवायची. जिल्हाधिकाऱ्यांनी कोणतीही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी न करता, तीस दिवसांत, प्रमाणपत्र आणि ओळखपत्र द्यायचं. हे 'तपासणी न करता' नियम ४ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. तरीही 'सिव्हिल सर्जनचा दाखला आणा' असं सांगून अर्जदाराला परत पाठवलं जातं. यात दरवेळी कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही. कायद्यात दोन वेगवेगळी प्रमाणपत्रं आहेत आणि टेबलावर त्यांची सरमिसळ होते. कलम ६ चं प्रमाणपत्र व्यक्ती तृतीयपंथी असल्याचं, त्याला डॉक्टर लागत नाही. कलम ७ चं प्रमाणपत्र शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर. त्यालाच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो, आणि त्याची मुदत पंधरा दिवस. एवढा फरक अर्ध्या पानात लिहून प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि समाज कल्याण सहाय्यक आयुक्तांना पाठवला तर निम्म्या खेपा वाचतील. त्याच अर्ध्या पानात आणखी एक ओळ घाला : कायदा लागू होण्यापूर्वी ज्यांनी अधिकृत कागदांवर लिंगबदलाची नोंद करून घेतली आहे, त्यांना हा अर्ज करण्याची गरजच नाही. अशा माणसांनाही नव्याने रांगेत उभं केलं जातं.

दुसरी अडचण बारा महिन्यांच्या रहिवासाची. अर्जदार त्या जिल्ह्यात सलग वर्षभर राहत असावा, अशी अट आहे. आता घरातून हाकललेला माणूस कुठे राहतो? तृतीयपंथी समाजातल्या गुरूच्या घरात, चौघांत मिळून घेतलेल्या खोलीत, नाहीतर ज्या घरमालकाने भाडं दीडपट घेऊन करारनामा करायला नकार दिला आहे त्याच्याकडे. वीजबिल दुसऱ्याच्या नावावर, आधारवर गावाचा पत्ता, आणि गावच्या जिल्ह्यात अर्ज करायचा तर वर्षभर तिथे राहिल्याचं खोटं लिहावं लागतं. राज्यात २०१५ पासून कितीतरी दाखल्यांसाठी स्वयंघोषणापत्र चालतं. इथे काय हरकत आहे? गुरू, संस्था, नगरसेवक किंवा शेजारचे दोन रहिवासी यांच्यापैकी कुणाचंही पत्र आणि अर्जदाराचं स्वयंघोषणापत्र रहिवासाला पुरेसं धरावं, असा लेखी आदेश द्या.

तिसरी अडचण सगळ्यात धोक्याची. काही ठिकाणी अर्जाची 'चौकशी' करायला माणूस घरी पाठवतात. तो आधारवरच्या पत्त्यावर जातो, दार वाजवतो, आणि घरातल्यांना किंवा समोरच्या दुकानदाराला विचारतो की इथे अमुक नावाचं तृतीयपंथी राहतं का. ज्याने घरी अजून काही सांगितलेलं नाही, त्याचं बिंग सरकारी कर्मचाऱ्याने फोडलं. अशा मुलाला त्या रात्री घरात मार बसला किंवा घर सोडावं लागलं, तर जबाबदार कोण? गृहभेट आणि पोलीस पडताळणी या दोन्ही गोष्टींना नियमांत जागा नाही. त्या बंद असल्याचं लेखी कळवा.

मग राहतात बारीकसारीक गोष्टी, ज्या बाहेरून दिसत नाहीत. आधारवर नावाचं इंग्रजी स्पेलिंग एक आणि प्रतिज्ञापत्रात दुसरं असेल तर अर्ज परत येतो. अर्ज सायबर कॅफेत भरला असेल तर मोबाइल क्रमांक बरेचदा कॅफेवाल्याचा टाकलेला असतो. त्रुटी कळवणारा संदेश त्याच्याकडे जातो, अर्जदार सहा महिने वाट बघत बसतो. जिल्हा कार्यालयाने त्रुटीचा अर्ज बंद करण्याआधी पत्राने कळवावं आणि एक फोन करावा, इतकं साधं मागणं आहे.

आणि यातली खरी मेख : अर्ज नाकारला जात नाही, नुसता पडून राहतो. नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि मग अर्जदाराला नव्वद दिवसांत अपील करता येतं. लेखी नकारच आला नाही तर अपील कशावर करणार? अपिलीय अधिकारी नेमूनही उपयोग शून्य. म्हणून मागणी अशी आहे की तीस दिवस उलटून गेलेला प्रत्येक अर्ज नाकारला गेला असं धरून थेट अपिलाला पात्र समजावा, आणि प्रत्येक जिल्ह्याने दर महिन्याला किती अर्ज आले, किती निकाली निघाले, किती तीस दिवसांच्या पुढे गेले हे तीन आकडे जाहीर करावेत. नावं नकोत, आकडे हवेत.

आकड्यांवरून आठवलं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात 'इतर' या रकान्यात ४०,८९१ माणसं नोंदली गेली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या मतदारयादीत तृतीयपंथी मतदार सहा हजारांच्या थोडे वर होते. जनगणनेच्या आकड्यात लहान मुलंही आहेत हे धरूनही मधली माणसं कुठे गेली? ती आहेत, पण कागदावर जुन्या नावाने आहेत. याच वर्षी घरयादीचं काम सुरू होणार आणि २०२७ च्या फेब्रुवारीत शिरगणती. गणनेला येणारा शिक्षक कुटुंबप्रमुखाला विचारतो आणि कुटुंबप्रमुख 'मुलगा' सांगून मोकळा होतो. प्रगणकांच्या प्रशिक्षणात निदान एक तास यासाठी ठेवा, आणि डेऱ्यांवर, म्हणजे तृतीयपंथी लोक एकत्र राहतात तिथे, आणि गुरूंच्या घरी जाताना समाजातला माणूस बरोबर द्या.

आता शाळेच्या दाखल्याकडे येऊ. ओळखपत्र हातात आलं की केंद्राच्या नियमांनुसार बाकीच्या कागदांवरचं नाव, लिंग आणि फोटो पंधरा दिवसांत बदलून मिळायला हवेत. त्या यादीत जन्मदाखल्यापासून पॅन, पासपोर्टपर्यंत सगळं आहे, दहावी-बारावीची प्रमाणपत्रंही आहेत. आधार आणि पॅन त्यातल्या त्यात लवकर होतात. गाडी अडते ती शाळेत. अर्जदार राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेतो आणि बोर्डाकडे जातो. बोर्ड म्हणतं, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये बदल करून आणा. मुख्याध्यापक म्हणतात, विद्यार्थी शाळा सोडून गेला, आता रजिस्टरला हात लावता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणा. शिक्षणाधिकारी कार्यालय माध्यमिक शाळा संहितेचा नियम २६.४ दाखवतं. संहिता लिहिली तेव्हा हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच नव्हता. जन्मतारीख आणि जात यांत मागाहून खाडाखोड होऊ नये म्हणून ती तरतूद होती. ती तिथे योग्यच आहे. पण संसदेच्या कायद्याखाली झालेल्या नियमांपुढे संहितेतली तरतूद कशी उभी राहील? शालेय शिक्षण विभागाने एवढंच म्हणावं की तृतीयपंथी ओळखपत्र सादर झाल्यास २६.४ आड येणार नाही, रजिस्टरच्या शेरा रकान्यात नोंद घेऊन नवा दाखला द्यावा आणि त्यावर जुनं नाव लिहू नये. जुनं नाव 'ऊर्फ' म्हणून छापलं की नोकरीच्या पहिल्याच मुलाखतीत सगळी उलटतपासणी सुरू होते.

हे नुसतं पदवी-नोकरीपुरतं नाही. दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या पारलिंगी मुलामुलींना जात पडताळणीला सामोरं जावं लागतं. तिथे वडिलांचा दाखला, स्वतःचा शाळेचा दाखला, नातेसंबंध दाखवणारं शपथपत्र लागतं, आणि शंका आली तर दक्षता पथक घरी जातं. नाव बदललेलं, लिंग बदललेलं आणि घरच्यांनी 'असं कुणी आमच्यात नाही' म्हणून हात झटकलेले असले की वैधता प्रमाणपत्र लटकतं. लिंगामुळे घर गेलं आणि घर गेल्यामुळे जातीचा हक्कही गेला. समित्यांना स्पष्ट सूचना हवी की ओळखपत्र आणि जुना दाखला एकत्र आले तर ती एकच व्यक्ती धरावी, आणि नातं सिद्ध करायला कुटुंबाचा होकार अनिवार्य नसावा. याच कारणासाठी नोकऱ्यांत आरक्षण द्यायचं तर ते समांतर द्या. कर्नाटकाने जुलै २०२१ मध्ये एक टक्का समांतर आरक्षण दिलं, म्हणजे माणूस ज्या प्रवर्गात जन्मला त्याच प्रवर्गात त्याला जागा. सगळ्यांना सरसकट ओबीसीत ढकललं तर अनुसूचित जातीतल्या पारलिंगी उमेदवाराला आपल्या दोन ओळखींतली एक निवडावी लागते. पोलीस भरतीत तृतीयपंथीयांचा रकाना यायला डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला डोळे वटारावे लागले होते. प्रत्येक खात्यासाठी आम्ही कोर्टात जायचं का?

पुढचा मुद्दा मंडळाच्या सदस्यांसाठी खास. मंडळाच्या नावात तृतीयपंथी आहेत. समलिंगी स्त्रिया, समलिंगी पुरुष, उभयलिंगी माणसं यांची फाइल राज्यात कोणत्या टेबलावर जाते? सामाजिक न्याय विभागात विचारलं तर 'आमच्याकडे फक्त तृतीयपंथी', महिला व बालविकासकडे विचारलं तर 'हे सामाजिक न्यायचं'. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून सज्ञानांचे संमतीचे संबंध वगळले गेले, त्याला सात वर्षं झाली. या लोकांसाठी राज्यात एक अधिकारीसुद्धा नेमून दिलेला आमच्या पाहण्यात नाही.

त्याचा सगळ्यात मोठा फटका घर सोडून आलेल्या जोडप्यांना बसतो. दोन सज्ञान मुली पुण्याला किंवा मुंबईला येतात. गावच्या ठाण्यात बेपत्ता नोंद होते. कधी एकीच्या घरचे दुसरीवर पळवून नेल्याचा, दागिने चोरल्याचा अर्ज देतात. मग गावचं पथक येतं, गाडीत काका-मामा बसलेले असतात. कायद्याने काम छोटं आहे : मुलगी सज्ञान असल्याची खात्री करायची, ती जिथे आहे त्याच हद्दीतल्या ठाण्यात तिचा जबाब नोंदवायचा, बेपत्ता नोंद बंद करायची आणि परत जायचं. प्रत्यक्षात 'फक्त एक सही करायला गावी चला' असं सांगतात, गाडीत फोन काढून घेतात, आणि ठाण्याच्या दारात अख्खी भावकी उभी असते. तिथे घेतलेल्या जबाबाला मर्जीचा जबाब कोण म्हणेल?

म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही काही गोष्टी आधीच करायला सांगतो. दोन्ही ठाण्यांना आणि दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने पत्र : मी स्वतःच्या मर्जीने घर सोडलं आहे, मला कुणी पळवलेलं नाही. सोबत आधारची नव्हे तर दहावीच्या प्रमाणपत्राची प्रत, कारण वयावर वाद झाला तर आधारवरची जन्मतारीख टिकत नाही. घरातून काय काय आणलं याची यादी, म्हणजे मंगळसूत्र-पाटल्यांचा आरोप उभा राहिला तर तारीख असलेला कागद आधीच पोलिसांकडे पोचलेला असतो. हे सगळं करूनही ठाणे अंमलदार म्हणतो, 'वरून काही आदेश नाही.' आणि तो खोटं बोलत नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च २०२४ रोजी देवू जी. नायर प्रकरणात अशा जोडप्यांच्या बाबतीत न्यायालयांनी काय करावं हे सांगितलं आहे : व्यक्तीशी बंद दालनात, एकटीशी बोला, संरक्षण आधी द्या, धोक्याचा पुरावा नंतर मागा, ओळख बदलावी म्हणून समुपदेशनाला पाठवू नका. त्याआधीच्या, घराण्याच्या इज्जतीच्या नावाखाली जोडप्यांवर होणाऱ्या हिंसेबद्दलच्या शक्ती वाहिनी निकालानंतर, उशिरा का होईना, आंतरजातीय आणि आंतरधर्मीय जोडप्यांसाठी राज्याच्या गृह विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं. विशेष कक्ष आणि सुरक्षागृहांची सोय त्यात आहे. चांगलं परिपत्रक आहे. त्यात एक वाक्य वाढवा, की समलिंगी आणि पारलिंगी जोडपीही यात धरावीत. नवा निधी नको, नवी इमारत नको. तमिळनाडूने मद्रास उच्च न्यायालयाच्या जून २०२१ च्या निकालानंतर पोलिसांच्या वर्तणूक नियमांतच दुरुस्ती करून एलजीबीटीक्यू व्यक्तींना आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांना त्रास देणं गैरवर्तन ठरवलं. महाराष्ट्राच्या पोलीस महासंचालकांना तसं करायला कुणी अडवलं आहे?

सखी वन स्टॉप सेंटरच्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षणही यातच घ्या. अशी मुलगी आली की तिथे तिचं समुपदेशन होतं, ते बरेचदा 'आईवडिलांचा विचार कर' याच धाटणीचं. निवाऱ्याचे पाच दिवस त्यातच संपतात.

घरच्यांच्या हाती मुलगी परत गेली की पुढचा टप्पा म्हणजे 'इलाज'. कुणी बाबाकडे नेतं, कुणी मानसोपचारतज्ज्ञाकडे, आणि अलीकडे थेट व्यसनमुक्ती केंद्रात भरती. तिथे फोन नाही, भेट नाही, महिन्याचं पॅकेज. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २५ ऑगस्ट २०२२ रोजी राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं आहे की लैंगिक कल बदलण्याचे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. पण तक्रार करायची कशी? तक्रारदार आत कोंडलेला, कागद घरच्यांकडे. परिषदेने तिसऱ्या व्यक्तीची तक्रारही घ्यावी आणि आरोग्य विभागाने व्यसनमुक्ती केंद्रांची तपासणी करताना भरती झालेल्यांची व्यसनाची नोंद आहे का एवढं जरी पाहिलं तरी बरंच बाहेर येईल. वाचकांपैकी कुणाला हा धोका वाटत असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १४ वाचा : कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. तो नातेवाईकच हवा असं नाही. असा कागद असला की दाखल करण्याच्या निर्णयात कुटुंबाआधी त्या प्रतिनिधीला विचारावं लागतं. कागदाची एक प्रत त्या प्रतिनिधीकडे आणि एक विश्वासातल्या तिसऱ्या माणसाकडे ठेवा. स्वतःच्या कपाटात ठेवलेली प्रत पहिल्या दिवशी फाडली जाते.

रुग्णालय आणि मृत्यू. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क मिळाला नाही, पण त्यानंतर केंद्राने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरपर्यंत काही पत्रं निघाली. समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच घरातले समजावं. बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं यासाठी राज्यांनी पावलं उचलावीत. बँकांचं काम बऱ्यापैकी मार्गी लागलं, कारण बँकांना वरून आलेलं पत्र शाखेपर्यंत पोचवायची सवय आहे. शिधापत्रिकेसाठी तहसिलीत पुरवठा निरीक्षकापुढे ते पत्र ठेवलं की तो म्हणतो, राज्याचा जीआर दाखवा. आणि रुग्णालयात तर वेळच नसतो. नातं या रकान्यात 'मित्र' लिहिलं की आयसीयूच्या बाहेर थांबायचं, संमतीपत्रावर सही चालत नाही, आणि शेवटी ज्यांनी वीस वर्षं चौकशी केली नाही ते भाऊ रुग्णवाहिका घेऊन येतात. 'नातेवाईक उपलब्ध नसतील तर' ही अटच खरं तर अपुरी आहे. तरी तेवढ्याचाही जीआर सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागांनी काढावा आणि भरतीच्या अर्जात 'रुग्णाने स्वतः निवडलेली संपर्क व्यक्ती' असा रकाना घालावा. हा रकाना फक्त आमच्या कामाचा नाही; एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही तो हवाच आहे.

आरोग्याचं आणखी एक. केंद्राची आयुष्मान टीजी प्लस योजना ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण. आपल्या सहा महसुली विभागांपैकी प्रत्येकात कोणती रुग्णालयं यात आहेत आणि तिथे कोणत्या शस्त्रक्रिया खरोखर होतात, ही यादी मराठीत लावा. तोवर काय होतं तेही ऐका. तालुक्याच्या गावातली पारलिंगी मुलगी मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या घेते, दिवसाला एक सांगितली असेल तर चार-पाच, कारण मैत्रिणीने सांगितलं. त्या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनने रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, तंबाखूची सवय असेल तर आणखी. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात महिन्यातून एक दिवस संप्रेरकांची ओपीडी ठेवली, रक्ततपासणी मोफत केली, तर हे थांबेल. डॉक्टर आहेत, प्रयोगशाळा आहेत, फक्त वार ठरवायचा आहे.

एका मुद्द्यावर मात्र शीर्षकातलं वाक्य मोडावं लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३७७ पूर्ण गेलं. संमतीचे संबंध गुन्हा नाहीत हे ठीक, पण सज्ञान पुरुषावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर जबरदस्ती झाली तर लावायला जे कलम होतं तेही गेलं. उरतं काय, तर मारहाण, डांबून ठेवणं, दुखापत. आणि तृतीयपंथी व्यक्ती कायद्याचं कलम १८, ज्यात लैंगिक अत्याचारालाही शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं आहे. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो. विधानसभेने निदान ठराव करून केंद्राकडे पाठवावा. आणि तोवर ठाण्यांना सांगावं की 'कलमच नाही' म्हणून तक्रारदाराला घरी पाठवू नका. जी कलमं उरली आहेत ती लावून गुन्हा नोंदवा, वैद्यकीय तपासणी करा.

इथे एक जुनं उत्तर आम्हाला नेहमी मिळतं : 'संस्था आहेत ना, त्या बघतात.' आहेत. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून, स्त्री संगम १९९५ पासून, जी पुढे लेबिया झाली. पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ पासून. त्यांनी आणि इतर जिल्ह्यांतल्या संस्थांनी केलेलं काम कुणी नाकारणार नाही. पण संस्था कशावर चालतात ते बघा. बराचसा पैसा एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पांचा. त्यात पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि पारलिंगी स्त्रिया बसतात. समलिंगी स्त्रिया आणि पारलिंगी पुरुष बसत नाहीत. प्रकल्प ज्या जिल्ह्यात नाही तिथे संस्था नाही, प्रकल्प संपला की कार्यालयाचं भाडं संपलं. आणि कार्यकर्त्याने कितीही धावपळ केली तरी त्याच्या सहीने दाखला निघत नाही. तो तुमच्याच सहीने निघतो.

हे पत्र मुख्य सचिवांनाही लिहिलं आहे, त्यामागे कारण आहे. सामाजिक न्याय विभागाचा जीआर पोलिसांना बांधत नाही, शाळेला बांधत नाही, पुरवठा निरीक्षक तर तो बघतही नाही. मंडळाच्या बैठकीत ठराव होतात, दुसऱ्या विभागाला पत्र जातं आणि तिथे त्याची नस्ती होते. म्हणून सामाजिक न्याय, गृह, शालेय शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा, महिला व बालविकास या विभागांना एकत्र बसवून प्रत्येकाकडून वर लिहिलेल्या बाबींचा स्वतंत्र जीआर घ्या. फेब्रुवारीच्या १५ तारखेपर्यंत ती बैठक लावा, इतिवृत्त जाहीर करा, आणि बैठकीला मुंबई-पुण्याबाहेरच्या निदान चार जिल्ह्यांतले लोक बोलवा, त्यात एक समलिंगी स्त्री आणि एक पारलिंगी पुरुष हवाच. प्रवासभत्ता द्या. तो न दिल्याने दरवेळी तीच चार माणसं येतात.

अधिवेशनात प्रश्न विचारायला तयार असलेल्या आमदारांना या पत्राची प्रत दिली आहे. माहिती अधिकाराचे अर्जही तयार आहेत. प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयाला एक, विषय एकच : तीस दिवसांच्या पुढे गेलेले अर्ज किती. १६ फेब्रुवारीला ते पोस्टात पडतील.

आपले,
ओळखपत्र, पोलीस ठाणं आणि रुग्णालय इथल्या कामात मदत करणारे
राज्याच्या विविध जिल्ह्यांतले कार्यकर्ते

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य
आयुक्त, समाज कल्याण, पुणे
अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग
सर्व जिल्हाधिकारी